अक्काच्या गाठीचा दुसरा ब्लॉक

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही ठेवणार नाही. सव्वीस वर्षं मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा माझ्या टेबलावर येतो, मी त्याचे काप काढते, काचेवर घेते, रंगवते. काचेवर जे असतं तेच दिसतं. या सदरातले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात ‘वायरिंग तपासा’ नाहीतर ‘बीपी तपासा’ असं उत्तर देते. तुम्हीही मला तसं द्या. पटेल असं उत्तर सापडलं तर मला हवंच आहे.

ब्लॉक म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. काढलेला तुकडा मेणात बसवतात. साबणाच्या छोट्या वडीएवढं मेण आणि मधे वाटाण्याएवढा तुकडा. मशिनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप निघतात. काप निघत जातात तसा तुकडा संपत जातो... संपला की संपला.

हे काम मला नानांनी शिकवलं. नाना रावेरकडचे, लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन. त्यांच्या सवयी त्यांच्याच होत्या. ब्लॉकचा नंबर ते जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या पट्टीवर लिहायचे — पेन्सिलीनं, कारण शाई रसायनात विरघळते, आणि मराठी आकड्यांत. काप काढायच्या आधी ब्लॉक स्टीलच्या डब्यातल्या बर्फावर गार करायचे. आणि मानेची गाठ आली की तिचा एक बारीक तुकडा बाजूला काढून त्याचा वेगळा ब्लॉक करायचे.

“गाठ एका बोलण्यात खरं सांगत नाही बाई,” म्हणायचे. “एक तुकडा मागे ठेव.”

पुढे छापील नंबरांच्या प्लॅस्टिकच्या कॅसेट आल्या, काम चौपट झालं आणि हे सगळं बंद पडलं. नाना रिटायर झाले आणि दोन वर्षांपूर्वी वारले. मी अंत्ययात्रेला गेले होते.

आता माझी मोठी बहीण. अक्का दोंडाईच्याला असते, दाजींचा मिरचीचा व्यापार आहे. मागच्या दिवाळीनंतर तिच्या मानेला गाठ आली. सुईनं तपासणी केली, टीबीसारखं दिसलं, औषधं सुरू झाली. आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे आधी टीबीच धरतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण लिम्फोमा — म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर — सुईच्या तपासणीत हुबेहूब टीबीचं सोंग घेऊ शकतो. चार महिने औषधं घेऊन अक्काची गाठ वाढतच होती, शेजारी आणखी गाठी आल्या होत्या. संध्याकाळी ताप, घामानं उशी ओली, अंगाला खाज. मी मागे लागले तेव्हा धुळ्याला ऑपरेशन करून एक गाठ काढली आणि ती आमच्याच लॅबला आली.

लहान होती. अख्खी एकाच ब्लॉकमध्ये बसली. रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात आहे — ब्लॉक : एक.

पहिला काप बघून आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “बरंचसं टीबीसारखंच आहे. पण दोन-तीन पेशी मला आवडल्या नाहीत. आणखी खोल जा. मार्करसाठीही काप लागतील.”

मार्कर म्हणजे कुठली पेशी कशाची ते ओळखायच्या खास तपासण्या, प्रत्येकीला वेगळा काप लागतो. इथे मी चुकले. मशिनवरून काढलेला ब्लॉक परत लावला की त्याचा कोन बदलतो, आणि तो सरळ करताना चांगला भाग वाया जातो. म्हणून लागतील तेवढे काप एका बैठकीत काढायचे असतात. नवीन पोरींना हे मीच शिकवते. पण अक्काची गाठ म्हणून मी घाईनं पहिले काप घेऊन मॅडमकडे गेले होते. परत लावून सरळ करायला लागले आणि मेणाच्या पापुद्र्यांबरोबर तुकडा निघून गेला. खाली नुसतं पांढरं मेण उरलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं — टीबीची शक्यता, लिम्फोमा नाही असं म्हणता येत नाही, दुसरी गाठ काढून तपासावी.

अक्काला फोन केला. ती अहिराणीच बोलते.

“एकदाव मान कापीसन दिधी ना मी. आते पुन्हा नही.”

“अक्का, औषध लागू पडत नाहीये.”

“पडी. टीबीले टाइम लागस.”

“वजन किती उतरलंय बघ.”

“ते बरं शे ना. मुटकुळं करीसन नेता ई तुले.” म्हणजे गाठोडं करून मी तिला उचलून न्यावं. आणि फोन ठेवला.

ब्लॉक माझ्या हातून संपला हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

असे दोन महिने गेले. मे महिना उजाडला. मॅडमनी तेव्हा एका संशोधनाचं काम घेतलं होतं. ज्या गाठींवर टीबी लिहिलं गेलं पण औषधांचा गुण आला नाही, त्यांचे जुने ब्लॉक काढून नव्या मार्करनी परत तपासायचे, त्यात लिम्फोमा किती निसटले ते पाहायचं. ब्लॉक शोधायचं काम माझं. जुने ब्लॉक जिन्याखालच्या लोखंडी कपाटात असतात. नाना गेल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये, आणि कुलूप इतकं गंजलेलं की तेल सोडून वीस मिनिटं खटपट केली.

दुपारचे अडीच वाजले होते. जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे. जिन्याखाली पंखासुद्धा नाही. उन्हाळ्यांनी आतले ब्लॉक बसले होते, कडा गोल झालेल्या, काही एकमेकांना चिकटलेले. मी यादीप्रमाणे एकेक सोडवत होते. तिसऱ्या कप्प्यात हात घातला तर बोटांना गार लागलं.

एक ब्लॉक. कडा सुरीसारख्या सरळ. बर्फावरून आत्ता उचलल्यासारखा गार — वर बारीक दव धरलेलं. बाजूला लग्नपत्रिकेची पट्टी, मागच्या बाजूला सोनेरी शाईत ‘कृपेकरू’ एवढीच अक्षरं. पुढच्या बाजूला पेन्सिलीनं नंबर. नानांचा पाच मी कुठेही ओळखीन, खालची शेपूट ते डावीकडे ओढायचे.

नंबर अक्काचा होता. यंदाचं साल आणि अक्काचा नंबर.

मी तिथेच पायरीवर बसले. घाबरले असं नाही म्हणणार. डोकं चालेना. मग उठले, मशिनवर गेले आणि काप घेतले. या वेळी सगळे एका बैठकीत.

मॅडमनी स्लाइड बघून खाली ठेवली.

“हे कुठून आणलं?”

सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागवलं, पट्टी बघितली, परत स्लाइड बघितली.

“शोभाताई, हा हॉजकिन लिम्फोमा आहे. मार्करशिवायही मी जवळजवळ खात्रीनं सांगते. पण ज्या ब्लॉकचा जन्म मला माहीत नाही, त्यावर मी सही करणार नाही.”

“मी मागतही नाही,” म्हटलं. “उद्या रजा द्या.”

त्या बरोबर होत्या. माणूस असं काही सापडल्यावर नमस्कार करून केमो सुरू करत नाही. नवीन गाठ काढायची, नीट तपासायची. मला एवढंच कळलं होतं की आता अक्काचं ‘नही’ ऐकून घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोंडाईच्याला गेले. अक्का ओट्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होती. गळ्याचं हाड वर आलेलं. मी समोर बसले, मीही देठं खुडायला लागले.

“अक्का, तुझी गाठ माझ्या हातून वाया गेली. तपासायला काही उरलंच नाही. रिपोर्ट अर्धवट आहे तो त्यामुळे. मी तुला सांगितलं नाही.”

ती खुडत राहिली. मग म्हणाली, “लहानपने मन्ही पाटी फोडी व्हती तवय बी सांगाले तुले आठ दिन लागनात.”

“या वेळी दोन महिने लागले.”

“आते कोन कापी? तू?”

“सर्जन कापतील. मी फक्त मशिनवर बसेन.”

“मंग हात धुईसन बस,” म्हणाली, आणि सुपातल्या मिरच्या संपवून कपडे भरायला उठली.

दुसऱ्या ब्लॉकचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं आधी नवस फेडायला नेलं असतं आणि ऑपरेशन पुढच्या महिन्यावर गेलं असतं.

धुळ्याला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गाठ टिकवायच्या फॉर्मॅलिनची बाटली घेऊन मी स्वतः उभी राहिले. गाठ मोठी काढायला सांगितली होती, तशी काढली. लॅबमध्ये आणून तिचे दोन ब्लॉक केले. एक कामाचा, एक मागे ठेवायचा. मार्कर केले. हॉजकिन लिम्फोमा. आता मॅडमनी सही केली.

टीबीची औषधं थांबली, केमो सुरू झाली. हा आजार वेळेत ओळखला तर उपचारांना चांगली दाद देतो. दोन सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये मानेतल्या गाठी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. परवा पाचवी सायकल झाली. अक्काचे केस गेले, तोंडाला चव नाही, आणि दाजींनी केलेल्या वरणाला ती नावं ठेवते. म्हणजे बरी आहे.

मॅडमनी दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या. “एकाच बाईच्या वाटतात,” म्हणाल्या. “पण ‘वाटतं’ मी लिहून देत नाही.”

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. लॅबमधल्या दोन्ही पोरी नाना गेल्यावर आलेल्या, त्यांनी नानांचं अक्षर पाहिलेलं नाही. किल्ली माझ्याकडेच होती. जी गाठ अख्खी एका ब्लॉकमध्ये संपली तिचा दुसरा तुकडा कुठून आला? आणि मे महिन्यात त्या कपाटात गारवा... मला सांगता येत नाही.

डीएनए तपासून तो तुकडा अक्काचाच आहे का ते कळू शकतं. मॅडमनी विचारलं होतं, “पाठवायचा का?” मी त्यासाठी किती काप लागतील ते विचारून घेतलं. ब्लॉकमध्ये जेवढं उरलंय तेवढं सगळं लागेल.

नाही म्हटलं. एक ब्लॉक मी संपवलाय. हा मागे ठेवलाय.