बर्फाचं गिरमिट

माझं पोस्टिंग कतारच्या दक्षिणेला होतं. एकोणीसशे साठ उलटून एक-दोन हिवाळे झाले होते. त्याआधी मी हिंदुस्थानी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षं काढली होती. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, शेवटची रँक नाईक. दोह्याला आलो आणि तिथल्या फौजेच्या एका गस्ती तुकडीत मला कॉर्पोरल म्हणून घेतलं. साहेब इंग्रज, शिपाई वाळवंटातले बदू अरब आणि गाड्या चालत्या ठेवणारे आम्ही रत्नागिरीकडचे.

पाचला फज्रची नमाज. साडेपाचला गाड्यांची तपासणी: तेल, पाणी, हवा, बॅटरी. सहाला चहा. साडेसहाला मूव्ह. एक लँडरोव्हर, एक तीन टनी ट्रक. किनाऱ्याकाठाने साठ मैल जायचं, खुणेचे दगड जागेवर आहेत का बघायचं आणि परत यायचं. चार महिन्यांत आम्ही एकही गोळी झाडली नाही. शत्रू म्हणाल तर सबखा.

सबखा म्हणजे समुद्राकाठची खारी जमीन. वर मिठाचा कडक पापुद्रा, पांढरा, चकचकीत. खाली चिखल. पापुद्रा माणसाला पेलतो. लँडरोव्हरला बहुतेक वेळा पेलतो. ट्रकला पेलायचं की नाही हे तो त्या दिवशी ठरवतो. फसलेला ट्रक लँडरोव्हरच्या विंचने, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणाऱ्या रहाटाने, ओढायचा. पण तिथे ना झाड, ना खडक. विंच ताणली की लँडरोव्हरच मिठावरून ट्रककडे घसरत जाते. म्हणून तिच्या मागे जमिनीत दोन लोखंडी पाइप पुरायचे आणि तिला साखळीने त्यांना बांधायचं. पाइप कंबरभर खोल गेले तरच धरतात. पहारीने एका भोकाला पाऊण तास लागायचा.

त्यासाठी ते गिरमिट आलं. तेल शोधणाऱ्या एका सर्व्हे कॅम्पचा गाशा गुंडाळला जात होता, तिथून आमच्या स्टोअरला मिळालं. वर छोटं पेट्रोल इंजिन, खाली माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब पिळाचा दांडा, टोकाला पाती. ज्या गोऱ्या फोरमनने ते आणलं होतं त्याच्या देशात तळी गोठतात. बर्फाला भोक पाडून लोक मासे धरतात. मिठाचा पापुद्राही बर्फासारखाच कापला जाईल, असा त्याचा हिशेब. तो बरोबर होता. मशीन वापरलेलं होतं, दोर ओढताना खोकायचं, पण पहिल्या चाचणीत चार मिनिटांत भोक पाडलं.

ट्रकचा ड्रायव्हर लान्स कॉर्पोरल याकूब सारंग. दाभोळचा. बाप, आजा सगळे गलबतावर. हा घरातला पहिला जमिनीवर कमावणारा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मशीन बघून तो म्हणाला, "बर्फाचं गिरमिट, ते पण कतारात! कादिर, स्टोअरवाल्याला सांग, उंटांना स्वेटर पण मागवून ठेव."

आदल्या दिवशीची संध्याकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. गिरमिट ट्रकमध्ये आडवं ठेवलेलं असायचं. झाकणातून पेट्रोल हिंदकळून बाहेर यायचं आणि शेजारच्या पिठाच्या पोत्यात मुरायचं. जेवताना याकूबने भाकरी नाकाशी धरली.

"कादिर, भाकरीला तुझ्या इंजिनाचा वास येतोय. उद्या ढेकर दिला तर भडका उडेल. त्याचं तोंड बंद कर बाबा."

"साबण आहे?"

"घे, माझा घे. आंघोळीचा आहे. तुझ्या लाडक्याला वास तरी चांगला येईल."

टाकी गळली की साबण. आपल्याकडचा कुठलाही मेकॅनिक हेच करील. पेट्रोलने साबण विरघळत नाही, घट्ट बसतो. त्या टाकीच्या झाकणाला मधोमध सुईएवढं भोक होतं. त्यातून हवा आत जाते, म्हणून पेट्रोल खाली उतरतं. हे मला माहीत होतं. लष्करात मी हे रिक्रूटांना शिकवलं होतं. मी वडीला अंगठा दाबून गोळी काढली आणि त्या भोकावर चेपली. वापरायच्या आधी काढू, असं मनात म्हटलं. वर्कशॉपचा नियम असा की तात्पुरती दुरुस्ती केली की तिथे चिठ्ठी बांधायची. मी चिठ्ठी बांधली नाही. भाकरी गार होत होती.

सकाळी सहा तीसला निघालो. पुढे लँडरोव्हर. तिच्यात कॅप्टनसाहेब आणि वाटाड्या शिपाई मुबारक. मागे ट्रक, याकूब आणि मी. नऊ वाजून दहा मिनिटांनी ट्रकची मागची चाकं पापुद्रा फोडून आत गेली. समुद्र तेव्हा दूर होता, एक चमकती रेघ. मुबारक त्या रेघेकडे बघत राहिला. मग तोडक्या हिंदीत साहेबांना म्हणाला, "वारा उत्तरेचा. आज पाणी लवकर. यल्ला."

चाकांखाली लोखंडी पट्ट्या सारायच्या होत्या. एक पट्टी अॅक्सलला अडकली. साहेब म्हणाले, "समबडी अंडर. क्विक."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

"मी जातो," याकूब म्हणाला. "तू आत घुसलास तर कादिर, इंजिन बघत बसशील."

तो पाठीवर सरकत आत गेला. नऊ पंचवीसला ट्रक एक वीत खाली बसला. आवाज फार झाला नाही. याकूब ओरडलाही नाही. अॅक्सल त्याच्या मांड्यांवर आला होता. हात, छाती, डोकं मोकळं होतं, ट्रकच्या बाजूने बाहेर.

"हाड मोडलं?" मी विचारलं.

"नाय वाटत. चिखल मऊ आहे. पण पाय माझे राहिले नाहीत."

जॅक लावला, तो चिखलात गेला. खाली फळी घातली, फळीही गेली. हातांनी उपसलं. जेवढं काढू तेवढं परत भरत होतं. साहेबांनी वायरलेस घेतला.

"बेस, धिस इज फॉक्स टू. वन मॅन ट्रॅप्ड. नीड रिकव्हरी. ओव्हर."

"फॉक्स टू, रॉजर. रिकव्हरी टू अवर्स. आउट."

दोन तास. रेघ आता रेघ राहिली नव्हती. पाणी दिसत होतं. साहेबांनी लँडरोव्हर केबलच्या टप्प्यात लावली आणि माझ्याकडे वळले.

"कॉर्पोरल, अँकर्स. हाऊ लाँग?"

"फाइव्ह मिनिट्स, सर."

मी गिरमिट उतरवून दोर ओढला. इंजिन सुरू झालं. दांडा पापुद्र्यात हातभर उतरला आणि इंजिन बंद पडलं. परत दोर, पाच वेळा, दहा वेळा. नाही.

मी क्रमाने गेलो. लष्करात तसंच शिकवतात: घाबरायचं नाही, क्रम सोडायचा नाही. प्लग काढला. ठिणगी येत होती. प्लग कोरडा होता, म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. झाकण उघडलं. टाकी पाऊण भरलेली. झाकण लावलं. पेट्रोलची तोटी काढून फुंकली. दोर ओढला. सुरू झालं. मिनिटभर चाललं आणि बंद.

मला वाटलं, कचरा. जुन्या मशीनच्या टाकीत गंज असतो, तो कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात अडकतो. कार्बोरेटर उतरवला, तारेने साफ केला, बसवला. झाकण उघडून पेट्रोल पुन्हा बघितलं, पुन्हा लावलं. सुरू झालं आणि पुन्हा मिनिटात मेलं. दर वेळी झाकण उघडलं की टाकीत हवा जात होती आणि तेवढ्या हवेवर इंजिन मिनिटभर जगत होतं. मशीन मला ओरडून सांगत होतं. माझा हात त्या झाकणावर किमान चार वेळा गेला. साबणावर धूळ बसून तो लोखंडाच्याच रंगाचा झाला होता. आणि ती माझीच दुरुस्ती होती. आपल्या हाताने केलेल्या कामावर कोण संशय घेतो?

साहेब स्वतः पहार घेऊन भोक पाडत होते, पण खालून चिखल परत भरत होता; ते घामाने भिजले होते. "हाऊ लाँग, कॉर्पोरल?"

"फाइव्ह मिनिट्स, सर."

सव्वादहाला पाणी ट्रकपाशी आलं. लाट नव्हती. नुसतं पसरत आलं, बशीत चहा पसरतो तसं. मुबारकने चिखलात मांडी घालून याकूबचं डोकं मांडीवर घेतलं.

"करंट आहे?" याकूबने तिथून विचारलं.

"आहे."

"पेट्रोल?"

"आहे."

"मग रुसलंय ते. मी नावं ठेवली ना त्याला." थोड्या वेळाने म्हणाला, "कादिर, पाणी गार आहे रे. बर्फवाल्याला बरोबर जागी आणलास तू."

मी हसलो. अजूनही मला ते हसणं आठवतं.

दहा चाळीसला पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. मान ताणून तो वर बघत होता. साहेबांनी लँडरोव्हरच्या सामानातला रबरी पाइप कापला आणि त्याच्या तोंडात दिला. पाइप तोंडात घेण्याआधी तो माझ्याशी बोलला. आवाज साधा होता, गाडीची चावी देताना असतो तसा.

"झुलेखाला सांग, पोराला गलबतावर धाडू नको. आणि गाडीवर पण नको. शाळेत घाल."

"तूच सांग. पाचच मिनिटं."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर तो पाइपमधून श्वास घेत होता. पाण्यावर फक्त पाइपचं टोक आणि मुबारकच्या मुठीत धरलेला त्याचा हात. मुबारक दर थोड्या वेळाने तो हात दाबायचा आणि खालून उत्तर यायचं. दाबलं की मुबारक मोठ्याने म्हणायचा, "जिंदा!" मला ऐकू यावं म्हणून.

मी तिसऱ्यांदा प्लग बसवला. टाकीचं झाकण हातातून निसटून पाण्यात पडलं. ते शोधायला वेळ नव्हता. झाकण न लावताच दोर ओढला.

इंजिन सुरू झालं. मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. चालतच राहिलं.

तेव्हा मला कळलं. हातात मशीन होतं, ते सोडता येत नव्हतं. मी भोक पाडत राहिलो आणि मला सगळं कळलेलं होतं. पहिलं भोक चार मिनिटांत झालं. दुसरं अर्धं झालं असताना मुबारकचं "जिंदा" थांबलं. मी मान वर केली नाही. दुसरं भोक पूर्ण केलं. पाइप ठोकले, साखळी बांधली. साहेबांनी विंच चालवली. लँडरोव्हर जागची हलली नाही. ट्रक निघाला.

वेळ अकरा वाजून चौदा मिनिटं. मशीन नीट चाललं असतं तर दहाच्या आत आम्ही त्याला बाहेर काढून चहा पाजत असतो.

मुबारक त्याला कडेवर घ्यावं तसं घेऊन कोरड्या जागी आला. "खलास," एवढंच म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतली वाळू आपल्या रुमालाने पुसू लागला.

दोह्याला पोचेपर्यंत साडेतीन झाले होते. दफन मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेच्या, आत करायचं होतं. मय्यतला गुस्ल, शेवटची आंघोळ, द्यायला त्याच्या गावाकडचे दोघे आले. तिसरा मी. त्याच्या केसांत, कानांत, नखांत मीठ होतं. कोणीतरी साबण मागितला. मी त्याच्याच पेटीतून वडी काढून दिली. वडीच्या एका कोपऱ्याला माझ्या अंगठ्याचा खड्डा होता. त्याच वडीने आम्ही त्याला धुतलं. मी कोणाला काही बोललो नाही.

चौकशी दुसऱ्या दिवशी नऊला झाली. साहेबांनी मला विचारलं, "मशीन का चालत नव्हतं?"

मी म्हणालो, "ओल्ड मशीन, सर."

त्यांनी ते लिहिलं. पुढे त्यांनी लिहिलं की लान्स कॉर्पोरल सारंग ट्रकला टेकू न लावता स्वतःच्या मर्जीने खाली शिरला आणि मृत्यू त्याच्या निष्काळजीपणामुळे झाला. मला वाचून दाखवलं. मी सही केली. त्यांनी त्यांची ऑर्डर लपवली, मी माझा साबण लपवला. मेलेल्याच्या माथी दोघांचं मारलं. तो उठून बोलणार नव्हता.

गाव रत्नागिरीकडचं असलं तरी मी मुंबईत माझगावच्या गोदीबाहेर युनियनची पत्रकं वाटत मोठा झालो. मालकाची चूक कामगाराच्या नावावर लिहिली जाते, हे त्या पत्रकांत मी शंभरदा वाचलं होतं आणि लोकांच्या हातांत कोंबलं होतं. माझी वेळ आली तेव्हा मी त्याच कागदावर सही केली, कारण मला नोकरी हवी होती. साहेब नोकरीवर राहिले. मीही राहिलो, आणखी दोन वर्षं. गिरमिट भंगारात गेलं.

गेल्या महिन्यात दाभोळला गेलो. फौजेने घरी पाठवलेला चौकशीचा तो कागद याकूबच्या बायकोने, झुलेखावहिनींनी, पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. तो इंग्रजीत आहे; गावच्या मास्तरांनी त्यांना वाचून दाखवला होता. तेव्हापासून गावात बोलतात, याकूब घायकुता होता, त्याने मरण ओढवून घेतलं. पोरगा आता दहा वर्षांचा आहे. शाळेत त्यालाही तेच ऐकवतात.

जेवायची वेळ होती. वहिनींनी हात धुवायला तांब्या ठेवला आणि बाजूला साबणाची नवी वडी. मी तिला हात लावू शकलो नाही.

"काय झालं भावोजी?"

मी सगळं सांगितलं. आज इथे लिहिलं आहे तेवढंच, याच क्रमाने. त्या रडल्या नाहीत. त्यांनी साबणाची वडी उचलून आत नेली आणि डबा घेऊन आल्या. त्यातला कागद माझ्यापुढे टाकला.

"ह्याच्यावर तुमची सही आहे. आता दुसरा लिवा. मराठीत लिवा. गावाला वाचता आला पाहिजे. आणि सही तशीच मोठी करा."

जेवायला त्यांनी वाढलं नाही. ते बरोबरच होतं.

म्हणून हे लिहिलं आहे. लान्स कॉर्पोरल याकूब सारंग, ड्रायव्हर, राहणार दाभोळ, ट्रकखाली गेला तो ऑर्डरवरून. अॅक्सलखाली तो जवळजवळ पावणेदोन तास जिवंत होता आणि त्या वेळात त्याने कोणालाही दोष दिला नाही. त्याला वाचवायचं यंत्र हजर होतं, पेट्रोल होतं, ठिणगी होती. हवा मी बंद केली होती.

सही: कादिर, कॉर्पोरल, व्हेइकल मेकॅनिक.