गावांची नावं घेणारा आवाज

सकाळी फोन वाजला. पडद्यावर गौतमभाऊंचं नाव होतं, म्हणून मी हसतच उचलला. पलीकडून शीलावहिनी बोलत होत्या. "मास्तर, हे उठून नाई राह्यले हो…" एवढंच त्या म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. पाच आठवडे झाले. अजूनही त्या नंबरावरून वहिनींचा फोन आला की तोंडून आधी "भाऊ" असंच निघतं.

गौतम तायडे आमच्या वाशीमजवळच्या मालेगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. शिरपूरची गाडी कोणत्या फलाटावर, वाशीमची कधी, हे सगळं आमच्या तालुक्यानं त्यांच्याच आवाजात ऐकलं. ते निवृत्त झाले त्याच सुमारास मुलींचा पगारी कबड्डी क्लब आमच्या गावात आला. असे क्लब मोठ्या शहरात असतात, इथं कोण बघणार, असं म्हणत लोक हसले होते. भाऊ मात्र पहिल्याच दिवशी माइक धरून बसले. शेजारी मी, गुणलेखक. शाळेत गणित शिकवणाऱ्याला दुसरं काय जमणार!

पहिल्या वर्षी शिरपूरवाले एका टोकाला बसत, इंझोरीवाले दुसऱ्या टोकाला. मालेगावचे लोकही आपापल्या वस्तीप्रमाणे, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एका गुणावरून एकदा बाटल्या फेकल्या गेल्या. त्या संध्याकाळी भाऊ घाबरले होते. "मास्तर, इथं एक डोकं फुटलं ना, तं आग गावात जाईन," ते म्हणाले. क्लबच्या मागे लागून त्यांनी जागांना नंबर घालून घेतले आणि तिकिटं मिसळून वाटायला लावली. लोक कुरकुरले. पण दोन-तीन सामन्यांनंतर अनोळखी माणसाच्या पुडीतले शेंगदाणे खात माणसं आपल्या मुलींसाठी ओरडू लागली. पुढं लग्नाच्या पत्रिकाही त्याच बाकांवरून इकडून तिकडे गेल्या. ज्या घरांतून मुलींना बाजारात एकटं पाठवत नसत, त्या घरांतल्या मुली बसनं सरावाला येऊ लागल्या.

आणि मग तो सामना. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. काळी माती वरून सुकलेली, आतून लोण्यासारखी. पहिला डाव रंगात आला असताना भाऊंनी माइकवर तळहात ठेवला आणि मान न वळवता म्हणाले, "मास्तर, उठू नका. समोर पाहा. त्या कोपऱ्यातल्या गॅलरीचा पाय खचून राह्यला."

लोखंडी पाइपांची ती गॅलरी माणसांनी गच्च भरलेली होती. डावीकडचा खांब वीतभर आत गेला होता. मी बघत असतानाच आणखी बोटभर गेला.

"शीला वरच्या ओळीत हाये," भाऊ म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "पंचाले द्या. पण सावकाश चाला. धावले तं लोक पाहतीन."

मैदानाची ती वीस-पंचवीस पावलं मी कशी चाललो, मला माहीत नाही. पाठीमागे लोखंड करकरल्याचा भास होत होता… पंचांनी चिठ्ठी वाचली, शिट्टी वाजवली, खेळ थांबला. क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेत कुणी एकजण जरी "पडली!" म्हणून ओरडला असता तरी शेकडो माणसं एकाच अरुंद जिन्यावर कोसळली असती.

तेवढ्यात स्टँडवरचा तो ओळखीचा आवाज आला. "मंडळी, आज आपल्या पोरींसंगं गावागावाचा फोटो काढाचा हाये. ज्या गावाचं नाव घेईन, त्याच गावानं खाली या. इंझोरी…"

लोक हसले. प्रत्येक ओळीतून दोघं-चौघं उठली, सावकाश उतरली. "शिरपूर जैन…" पुन्हा थोडी माणसं. माणसं मिसळून बसली होती, म्हणून एकाच ठिकाणाहून लोंढा उठत नव्हता. भाऊ एकामागून एक गावं घेत होते, जशी गाडी लागल्यावर घ्यायचे तशी. आवाजात कंप नव्हता. मी परत येऊन शेजारी बसलो, तेव्हा टेबलाखाली मात्र त्यांच्या हातानं माझं मनगट आवळलं. त्याचे वळ मी दुसऱ्या दिवशी पाहिले.

मालेगावचं नाव त्यांनी शेवटी घेतलं. शेवटची पाच-सहा माणसं जिन्यावर असताना कोपरा कर्रकन् खाली बसला. एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. बाकी सगळे वाचले. वहिनींचे पाय नुकतेच जमिनीला लागले होते.

घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "मले शेवटी काहून बोलावलं?" त्याचं उत्तर भाऊंनी वहिनींना नव्हे, मला सांगितलं, "मालेगावचेच लोक जास्त होते. त्यायले आधी उठवलं असतं तं समदे एकदम उठले असते. तिले एकटीले कसा बोलावू?… पण मास्तर, तिचा तो प्रश्न आठवला का मले अजूनही झोप नाई येत."

त्या अपघातानंतर क्लब मोठ्या शहरात हलवायचा, असं मालकांचं ठरत आलं होतं. भाऊ दोनदा जाऊन भेटले. तिथं म्हणाले, "क्लब गेला तं लोक पुन्हा आपापल्या कोपऱ्यात बसतीन. मले गॅलरीपेक्षा त्याचं भेव वाटते." क्लब राहिला. खांबांखाली काँक्रीट भरलं गेलं.

भाऊ गेल्यानंतरचा पहिला घरचा सामना परवा झाला. जायची मला भीती वाटत होती. रिकाम्या खुर्चीची, आणि खरं सांगायचं तर गॅलरीचीही. माइकवर नवा माणूस होता. मी टेबलाकडे निघालो, तर त्याच कोपऱ्यातल्या गॅलरीपाशी शीलावहिनी दिसल्या. त्या प्रसंगानंतर त्या मैदानात आल्याच नव्हत्या. भाऊ तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी गॅलरीखाली वाकून एकेक खांब हातानं हलवून बघायचे, गाजावाजा न करता. वहिनी आता तेच करत होत्या. पदर खोचून, वाकून, एक खांब, मग दुसरा. जिन्याशी माणसं थांबली होती. कुणीही घाई करत नव्हतं.

शेवटचा खांब बघून त्या सरळ झाल्या, हात झटकले.

"चढा आता," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी स्वतः चढल्या.