नाव सभागृहात घ्यावं की नाही

रईसा पिंजारी फैजपूरला आमच्या घरासमोर राहते. गाद्या-रजया भरायचं दुकान तिच्या सासऱ्यांचं. ते थकल्यापासून ती आणि सासूच ते चालवतात. नवरा युसूफ. हा मूळचा मोटारपंप दुरुस्त करणारा माणूस, पण बोअरवेलच्या मोटारी उघडून उघडून त्याला कंटाळा आला आणि मुंबईच्या एका एजन्सीमार्फत तो तेलवाहू जहाजावर फिटर म्हणून लागला. त्याच जहाजावर सातपुड्याच्या पायथ्याचा पिंटू बारेला नावाचा खलाशी होता. यावलच्या बसस्टँडवर त्यांची ओळख झाली होती. युसूफनंच त्याला एजन्सीचा पत्ता दिला होता.

जानेवारीत ते जहाज आखातातल्या एका देशाच्या नौदलानं अडवलं. चोरटं तेल भरलंय, असा आरोप ठेवून जहाजावरच्या सगळ्यांना किनाऱ्यावर नेऊन डांबलं. रईसाला हे एजन्सीकडून कळलंच नाही. मोबाईलवर बातमी फिरत होती, त्यात तिला जहाजाचं नाव दिसलं. हातातला कापूस तसाच टाकून ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, हे नीट वाचून सांगा. मला काहीतरी चुकीचं वाचल्यासारखं वाटतंय."

चुकीचं नव्हतं.

पुढं दिल्लीहून एका अधिकाऱ्याचा फोन यायला लागला. माणूस सभ्य होता. बोलणी चालू आहेत, धीर धरा, वर्तमानपत्रांकडे जाऊ नका, असं तो दर वेळी सांगायचा. एकदा त्यानं कारणही सांगितलं. त्या देशात आपलं सरकार एक बंदर उभारतंय, संबंध नाजूक आहेत, गवगवा झाला तर समोरचे अडून बसतील. रईसाला ते पटलं. पिंटूच्या वडिलांना, पुनाभाऊंना, तिनंच फोन करून समजावलं की आपण गप्प राहायचं. जळगावचा एक पत्रकार दुकानात आला तेव्हा तिनं त्याला चहा पाजला आणि काही न सांगता वाटेला लावला.

असे उन्हाळ्याचे महिने गेले. मग जूनच्या शेवटी युसूफचा फोन आला. कुणीतरी शेजारी उभं आहे, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

"पिंटूला ताप आहे. उतरतच नाही. गोळ्या देतात, पण डॉक्टर नाही." मग आवाज आणखी खाली आला. "रईसा, इथले लोक म्हणतात, तुमच्या सरकारनं तुमच्याबद्दल एकदाही विचारलं नाही. खरं आहे का?"

ती उत्तर देणार तोवर फोन तुटला.

दुसऱ्याच दिवशी तिनं दिल्लीच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तसं काही नाही, तुम्ही विश्वास ठेवा." पण युसूफ असं उगाच बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण गप्प आहोत, दिल्लीही गप्प आहे आणि तिकडं त्या गप्प बसण्याचा अर्थ या माणसांना वाली नाही असा लावला जातोय, हे तिच्या लक्षात आलं. ती दिवसभर रजयांना टाके घालत राहिली. सासूनं दोनदा जेवायला बोलावलं, तरी उठली नाही.

विरोधी पक्षाच्या एका खासदारबाई परराष्ट्र खात्याला सतत प्रश्न विचारतात, असं तिनं ऐकलं होतं. मी त्यांच्या कार्यालयाचा नंबर शोधून दिला. तिथले जीवराम नावाचे स्वीय सहायक तिच्याशी बराच वेळ बोलले.

"परदेशी बंदरांतल्या गुंतवणुकीवर या अधिवेशनात ताईंचा प्रश्न लागलाय," ते म्हणाले. "मंत्र्यांनी उत्तर दिलं की पुरवणी प्रश्न विचारता येतो. तेव्हा ताई जहाजाचा विषय काढतील. या दोघांची नावंही घेतील. पण घरच्यांची संमती हवी. दोन्ही घरांची."

"नाव घेतल्यावर त्यांना तिकडं त्रास झाला तर?"

"होऊ शकतो," जीवराम म्हणाले. "नाही होणार, असं मी सांगू शकत नाही."

पुनाभाऊंशी फोनवर हे बोलण्यासारखं नव्हतं. रईसा यावलपर्यंत बसनं आणि पुढं रिक्षानं त्यांच्या पाड्यावर गेली. पुनाभाऊ अंगणात मोहाच्या बियांचं पोतं शिवत होते. त्यांची बायको तानुबाई चुलीपाशी होती. रईसानं तापाचं सांगितलं तशी तानुबाई बाहेर आली आणि दारातच बसली.

पुनाभाऊ चिडले. "साहेब बठ्ठं करी राह्यनात, आसं तूच सांगेल व्हतं ना? आते तूच म्हणस, नाव घेऊ?"

"हो, साहेब सगळं करताहेत असं मीच सांगितलं होतं आबा. तेव्हा मला तसंच वाटत होतं."

"तुना घरवाला धडधाकट शे. ताप मना पोऱ्याले शे. कोणी चिडनं, तर पहिले कोण मरी?"

रईसा म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात, तर मी कुणाचंच नाव देणार नाही. युसूफचंही नाही."

पुनाभाऊंनी सुई पोत्यात तशीच खुपसून ठेवली आणि ते उठून गोठ्याकडे गेले. मग तानुबाईनं विचारलं, "इचारं तर त्याले दवाखानामा लई जातीन का?"

"ठाऊक नाही अक्का. खरंच ठाऊक नाही."

"आन नई इचारं तर?"

"तर आत्ता चाललंय तसंच चालेल."

तानुबाईनं गोठ्याकडे पाहिलं. पुनाभाऊ तिथंच पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत, पण नको असंही म्हणाले नाहीत. तानुबाई म्हणाली, "मंग इचार, माय."

प्रश्नाच्या दिवशी रईसा, तिची सासू आणि मी आमच्या टीव्हीसमोर बसलो होतो. मंत्र्यांनी बंदराबद्दल लांबलचक उत्तर वाचलं. खासदारबाई उठल्या. त्यांनी जहाजाचं नाव घेतलं आणि एकदम गोंगाट झाला. समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "देशाची बदनामी बंद करा!" अध्यक्ष खाली बसायला सांगत होते. तरी बाई बोलत राहिल्या.

"या सभागृहाला एवढंच कळू द्या. आपल्या बंदराला धक्का लागू नये म्हणून सरकार आपल्या माणसांबद्दल गप्प आहे का? युसूफ पिंजारी आणि पिंटू बारेला यांना आपल्या दूतावासाचा एक तरी अधिकारी भेटला आहे का?"

रईसानं पदर तोंडात धरला होता.

मंत्री म्हणाले, सरकार संपर्कात आहे, देशाचे व्यापक हितसंबंध लक्षात घ्यावे लागतात, सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे. भेटलं का, याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. मग सत्ताधारी बाकांवरचे एक वयस्कर खासदार उठले. त्यांच्या मतदारसंघातलाही एक मुलगा त्याच जहाजावर होता. ते शांतपणे म्हणाले, "मंत्रिमहोदय, भेटलं की नाही, तेवढं सांगा." सभागृहात पहिल्यांदाच शांतता झाली. मंत्र्यांनी माहिती घेऊन पटलावर ठेवतो, असं आश्वासन दिलं.

पुढचे दिवस वाईट गेले. दिल्लीच्या साहेबांचा फोन आला आणि आता आमच्या हातात काही राहिलं नाही, असं तुटकपणे सांगून त्यांनी तो ठेवला. गावातल्या दोन घरांनी भरायला दिलेल्या गाद्या तशाच परत नेल्या. एकानं तोंडावर विचारलं, "नवऱ्यासाठी देशाला कोर्टात उभं करतेस काय?" ती म्हणाली, "मी फक्त विचारलं." युसूफचा फोन यायचा बंद झाला. पुनाभाऊ रोज फोन करायचे आणि "काही कळनं का?" एवढंच विचारून ठेवून द्यायचे.

ऑगस्टमध्ये दूतावासाचा अधिकारी तिथं पोचला. पिंटूला रुग्णालयात हलवलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. आजारपणाच्या कारणावरून त्याला आधी सोडलं. तो पाड्यावर आला तेव्हा तानुबाईनं रईसाला फोन लावला. युसूफ दिवाळीनंतर सुटला.

तो घरी आला त्या संध्याकाळी मी तिथं होतो. जेवताना तो म्हणाला, "दिल्लीत नावं घेतली, त्यानंतर आम्हाला वेगवेगळं ठेवलं होतं. रोज चौकशी. तुमच्या मागं कोण आहे, म्हणून विचारायचे. एकदा मारलंही."

रईसानं हातातली भाकरी खाली ठेवली. "मला ठाऊक नव्हतं."

"मग एक दिवस दूतावासाचा साहेब आला. आपली भाषा बोलणारा." युसूफनं पाण्याचा तांब्या उचलला. "त्या आधी वाटायचं, आपण मेलो तर कुणाला कळणारही नाही."

नावं घ्यायला लावली ते बरं केलंस की वाईट, हे तो बोलला नाही. तिनंही विचारलं नाही.

जहाज अजून तिथंच अडकलं आहे आणि त्यावरचे चार खलाशीही अजून कोठडीतच आहेत. हिवाळी अधिवेशनाची तारीख लागल्यावर रईसानं जीवरामांना पुन्हा फोन केला. मी दुकानात रजई न्यायला गेलो होतो, तेव्हा ती फोनवर विचारत होती, "त्या चौघांच्या घरच्यांशी बोलणं झालं का? नसेल, तर नंबर द्या. आधी मी बोलते."