आधी करून पाहिलेला प्रयोग

माझा थोरला भाऊ एकतीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. मदतनीस म्हणजे ज्याला मुलं ‘सर’ म्हणत नाहीत, पण ज्याच्यावाचून सरांचं पान हलत नाही, तो. दादा रोज शाळा भरायच्या तासभर आधी जायचा आणि त्या दिवसाचे सगळे प्रयोग एकदा स्वतः करून पाहायचा. चुंबक दमलेला असेल तर दुसरा आणायचा, बल्ब उडाला असेल तर बदलायचा, परीक्षानळीला केसाएवढी चीर दिसली तरी बाजूला काढायचा. मग वर्गात सर ऐटीत बटण दाबणार, दिवा लागणार, मुलं टाळ्या वाजवणार. दादा मागे कपाटापाशी उभा. ‘माझ्या लॅबमधला प्रयोग कधी फसला नाही,’ हे त्याने आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की जेवताना त्याने ‘माझ्या लॅबमधला’ म्हटलं की उरलेलं वाक्य वहिनीच पुरं करायची.

टाळ्या मात्र कायम दुसऱ्याच्या वाट्याच्या. हे त्याला आतून डाचत होतं, आणि ते निवृत्त झाल्यावर कळलं. एके दिवशी तो एका कंपनीचं चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला. मुलांसाठी विज्ञान आणि रोबोटचे वर्ग, आणि त्याची फ्रँचायझी आपल्या भागात द्यायची आहे म्हणे. वहिनी म्हणाली, शिकवायचंच असेल तर घरी बोलवा की चार मुलं, बाहेरची खोली दिवसभर रिकामीच असते. तेव्हा दादा म्हणाला, “लॅबवाल्याकडे कोण पाठवणार मुलं? त्याला पाटी लागते.”

मी हसले होते. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

चष्म्याच्या दुकानावरची जागा घेतली. भिंती नारिंगी, कुठला नारिंगी, तेही करारात लिहिलेलं. दादाला रॉकेटचं चित्र असलेला टी-शर्ट मिळाला. त्याच्या पोटावर ते रॉकेट चांगलंच फुगलं होतं. एका हॉटेलात चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. प्रत्येक धड्याचं एक बंद खोकं, आत नंबर घातलेले सुटे भाग, खोक्यावर तयार वस्तूचं चित्र. पंचेचाळिसाव्या मिनिटाला मूल आणि त्याने बनवलेली चालती वस्तू यांचा फोटो पालकांना गेलाच पाहिजे. करारात ‘चालती’ हा शब्द ठळक होता. मी नोकरी सोडून घरीच होते, म्हणून दादाने मला बाहेरच्या टेबलावर हजेरीपुस्तक घेऊन बसवलं.

सुरुवातीला तो इतका खूश होता की आम्हाला त्याची दृष्ट काढावीशी वाटावी. मुलं त्याला ‘सर’ म्हणायची. मुलं जिना चढताना ती हाक आधी ऐकू यायची, आणि दादा उगाच काहीतरी शोधत असल्यासारखा दाराशी येऊन उभा राहायचा.

त्या मुलांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. समोरच्या गल्लीत तिच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं. दादाने तिचं नाव शंकासूर ठेवलं होतं, कारण ती खोकं उघडण्याआधीच तीन प्रश्न विचारायची. हाच स्क्रू का? उलटा लावला तर? चित्र काढणाऱ्याने हे खरंच करून पाहिलंय का? बाकीची मुलं फोटोला उभी राहायची तेव्हा हिच्या हातात अर्धवट सांगाडा असायचा. फोटोपुरतं दादा काहीतरी जुळवून द्यायचा. मीच त्याला कुरकुर करत होते, की ही एक पोर आपलं वेळापत्रक बिघडवते.

मग क्रेनचं खोकं आलं. खोक्यातलं प्लास्टिकचं चाक गुळगुळीत होतं, दोरी त्यावरून घसरायची आणि वजन वर जाईना. बाकीच्यांनी दादाला हाका मारल्या. ही दुसऱ्या दिवशी आईच्या दुकानातली दोन लाकडी रिळं घेऊन आली. वर्गाचे तीन तास तिने दुसरं काही केलं नाही. एक रीळ वर बांधलं, एक वजनाबरोबर खाली सोडलं, दोरी दोन्हींवरून घेतली, आणि ओझ्याने रडणारी मोटर शांत चालू लागली. वजन हळूहळू वर चढू लागलं. अर्ध्या वाटेवर दोरी अडकायची. मग ती बोटाने टिचकी मारायची आणि ते पुन्हा चढायचं.

दादाने मला हात धरून आत नेलं. “दोन रिळं लावलीत बघ. वजन हलकं होतं, हे हिला कुणी सांगितलं नव्हतं.” त्याचे डोळे भरून आले होते. जे शिकवायला त्याने आयुष्याची पुंजी तिथे ओतली होती, ते त्या दिवशी त्या नारिंगी खोलीत घडलं होतं. आम्हाला दोघांनाही ते कळलं होतं, हेच वाईट.

कारण रविवारी प्रदर्शन होतं. पालक येणार होते आणि मुख्य कार्यालयाचा व्यवस्थापकही येणार होता. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, ते तो ठरवणार. शनिवारी दुपारी मुलं गेल्यावर दादाने सगळ्या क्रेन ओळीने मांडल्या आणि एकेक चालवून पाहू लागला. इथे पट्टा घट्ट कर, तिथे सेल बदल. प्रत्येक प्रदर्शनाआधी तो हे करायचा. त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं आणि मलाही नाही. एकतीस वर्षं त्याचा हात तेच करत आला होता.

शंकासूरच्या क्रेनपाशी तो थांबला. टिचकी मारली, वजन चढलं. मग म्हणाला, “ही अशीच राहू द्यावी गं.”

मी म्हणाले, “उद्या अडकली म्हणजे? चारचौघांत पोरीचंच हसू होईल. आणि तो माणूस चित्राशी ताडून बघणार आहे.”

त्याला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं. पण म्हटलं मी, हे खरंच आहे. त्याने रिळं सोडवली, खोक्यातलं चाक खरवडून त्याला रबर गुंडाळलं, नवीन सेल घातले. वजन सर्रकन वर गेलं. मी रिळं कागदात गुंडाळून फडताळात ठेवली.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. व्यवस्थापक प्रत्येक टेबलापाशी थांबत होता. शंकासूर आपल्या टेबलापाशी आली, क्रेनकडे पाहिलं, खाली वाकून पाहिलं. बटण दाबायला सांगितलं तर दाबलं. वजन वर गेलं, टाळ्या झाल्या, तिच्या आईने तोंडावर पदर धरला. मुलगी स्पष्ट आवाजात म्हणाली, “ही माझी नाहीये.”

व्यवस्थापकाने दादाकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. खरं बोलायला एक क्षण होता, आणि तो मोठा होता. दादा हसून म्हणाला, “तुझीच आहे बाळ. घाबरलीस होय?” सगळे हसले. आईने तिच्या पाठीवर हात ठेवून तिला गप्प केलं.

करार आणखी तीन वर्षांसाठी वाढला. व्यवस्थापकाने जाताना दादाचा हात दोन्ही हातांत धरला. माझा जीव भांड्यात पडला, आणि दादा मात्र घरी जाऊन न जेवता झोपला.

ती येणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. ती आली. मंगळवारी वेळेवर आली, पवनचक्कीचं खोकं उघडलं, भाग नंबराने लावले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एकही प्रश्न नाही. दादा तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि सुरू का करत नाहीस म्हणून त्याने विचारलं.

“तुम्ही लावाल ना नंतर. मी बसते तोवर.”

हे ती रागाने म्हणाली नाही. आपण दुकानात आपला नंबर येईपर्यंत बसतो, तशी बसली होती.

दादाने आवाज खाली आणला. पण मी दारातच होते, मला ऐकू आलं. “क्रेन मी बदलली होती. तुझी चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली. तू मला तेव्हाच विचारायचं होतंस.”

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. तुम्ही नाही म्हणालात.”

दादा तिच्यासमोरचे सुटे भाग पाहत राहिला. मग बहुधा त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. तिने त्याच्या बाहीला हात लावला.

“असू दे ना सर. आई खूश झाली होती.”

दादा काही तिथून उठला नाही. फोटोची वेळ झाली तेव्हा मी आत गेले आणि बाकीच्या मुलांचे फोटो काढले.