चार पलंगांची यॉट

किस्से साठायला फार काही लागत नाही. ऐकणारं कोणी नसलं की ते आपोआप साठतात. कॉलेज सोडून मी लातूरला आलो तेव्हापासून दीड वर्षात माझ्याशी धड बोलणारी माणसं दोनच, दोघंही म्हातारी आणि दोघंही हट्टी. त्यामुळे माझ्याकडे माल भरपूर आहे.

जिल्हा नवा झालेला, दुष्काळ जुनाच. बाबा नव्या कचेरीत क्लार्क. आमच्या घराण्यात शिकलेला पहिला माणूस ते, आणि शिकणं सोडलेला पहिला मी. ते जेवायला बसले की मी उठायचो. मी बसलो की ते.

*

औसा रोडला सलीमचाचांचा शेड होता, ट्रकच्या बॉड्या बांधायचा. एक दिवस सावली बघून आत शिरलो, तर ट्रकांच्या मधोमध तीस फुटी शिडाची यॉट! ड्रमांवर उभी. मी मोठ्यानं हसलो.

आतून एक टक्कल वर आलं. हे कप्तान; नाव त्यांची, चाचांकडून बांधून घेतलेली. मूळचे मुखेडचे, जन्मभर मालवाहू जहाजावर दोरखंड सांभाळलेले. पण मुखेडात बोटीवरून आलेला प्रत्येक माणूस कप्तानच.

"हसून काय राहिला? शिकलास किती?"

"मेकॅनिकल. तिसऱ्या वर्षाला सोडलं."

"म्हणजे अर्धा इंजिनीअर. नाव बी अर्धीच हाय. ये वर!"

झाली नोकरी! काम एवढंच: डिझाइन तपासायचं आणि सांगायचं की ही तरंगेल का, वाऱ्यावर चालेल का, आणि मुख्य म्हणजे उलटेल का. कारण ट्रकवर घालून मुंबईला न्यायची आणि तिथून कोचीपर्यंत शिडावर जायचं, असं कप्तानांनी पक्कं केलं होतं. एकटं. वय चौसष्ट.

*

आधी नावेची परवानगी. नव्या जिल्ह्यात ऑफिसं नवी, टेबलं नवी, आणि कुठला कागद कुठल्या टेबलाचा हे कोणालाच ठाऊक नाही. पहिल्या टेबलावर विचारलं, "चाकं किती?"

"चाकं न्हाईत."

"मग आमच्याकडं कशाला? पाण्याच्या खात्यात जा."

पाण्याच्या खात्यातल्या साहेबांनी विचारलं, "पाणी किती लागतं?"

कप्तान म्हणाले, "तरंगण्यापुरतं."

"तेवढं असतं तर मी इथं टँकर मोजत बसलो असतो का हो?"

*

यॉटचं सगळं गणित वजनावर चालतं. नकाशात चार टन लिहिलं होतं. मी म्हटलं, मोजू. ट्रॉलीवर चढवली आणि नेली ट्रकच्या वजनकाट्यावर. ट्रॉली वजा जाता साडेपाच टन!

मी सलीमचाचांना झापलं. "चाचा, दीड टन जास्त कुठून आलं?"

"बेटा, मेरी बॉडी आजतक टूटी नहीं," चाचा छाती काढून म्हणाले. "मजबूत हाय. घाटात बी हलणार न्हाई!"

"चाचा, समुद्रात घाट नसतो."

"तुला काय मालूम? तू देखा है समुद्र?"

नव्हता पाहिला. आमच्या तिघांत समुद्र पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो काट्यावरच्या पोराकडून पावती घेत होता. पावतीवर 'माल' या रकान्यात पोरानं लिहिलं होतं: 'रिकामी.' कप्तान ती पावती बराच वेळ वाचत उभे राहिले. एका शब्दाला एवढा वेळ!

*

शीड चाचणी चाकूर रोडवर केली. पाणी नव्हतं, पण वारा होता. दुष्काळात तो फुकट मिळतो. नाव ट्रॉलीवर, ट्रॅक्टर सोडून बाजूला काढलेला, शीड वर. मला एवढंच बघायचं होतं की शीड वारा नीट धरतं का.

धरला! ट्रॉली आपोआप चालायला लागली. मी सोबत पळत पावलं मोजतोय, कप्तान सुकाणू धरून उभे, चाचा मागून "ब्रेक! ब्रेक!" ओरडतायत. समोरून एस.टी. आली. ड्रायव्हरनं गाडी थेट शेतात घातली आणि खिडकीतून शांतपणे विचारलं, "चाकूरला पाणी आलं का हो?"

*

दीड टनाचं कोडं सुटलं ते मी पहिल्यांदा केबिनमध्ये झोपायला गेलो तेव्हा. दुपारची वेळ, उन्हानं डोकं फिरलेलं. पलंग शोधतोय तर पलंग डोक्यावर! चार. भिंतींना वरच्या अंगाला ठोकलेले, सागाचे, लोखंडी पट्ट्या मारलेले. नकाशात ते हलके होते, आणि खाली.

चाचांना विचारलं. चाचांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"गाडी का कायदा है बेटा. खाली माल, वर माणूस!"

"पण चाचा, हिच्यात माल कुठंय?"

चाचा विचारात पडले. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

वरचं वजन म्हणजे नाव डोक्यानं जड. वाऱ्याची एक थप्पड बसली की आडवी. मी तीन पानं गणित करून कप्तानांसमोर ठेवलं. त्यांनी पानं उलटी केली, सुलटी केली.

"डिग्री हाय का?"

"न्हाई."

"मग ठेव खिशात."

*

पुरावाच पाहिजे होता, म्हणून कंधारजवळ बारूळच्या धरणावर गेलो. पाणी आटून भिंतीला चिकटलेलं, पण नाव बुडेल एवढं होतं. चाचणी सोपी असते: नावेत ओळंबा टांगायचा, एका बाजूला वजन बसवायचं, आणि ओळंबा किती सरकतो ते बघायचं.

वजन म्हणून रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या दहा बाया मिळाल्या. त्यांना कडेला ओळीनं बसवलं.

"नुस्तं बसायचं?" एकीनं विचारलं.

"हाव, मावशी."

"अन् हजेरी लागती?"

"लागती."

"मग दुष्काळ असाच राहू दे गं बाई!"

नाव नकाशासारखी असती तर ओळंबा चार बोटं सरकला असता. सरकला अकरा. बाया किंचाळून उतरल्या. कप्तान म्हणाले, "आणिक एकदा." परत अकरा. "आणिक एकदा." अकरा.

"अंदाज चुकला तुझा," ते म्हणाले.

माझं डोकं सटकलं. म्हाताऱ्यांचं हेच असतं, पुढ्यात दिसतंय तेही आपल्या सोयीनं बघायचं! सगळ्यांसमोर ओरडलो, "बुडाल तुम्ही! चार पलंग कशाला ठेवलेत उरावर? कोण येणार हाय?"

नकाशा कप्तानांची बायको जिवंत असतानाचा होता. तेव्हा लेक सोलापूरला दिली नव्हती, पोरगा आखातात गेला नव्हता. पोरांपैकी कोणी नाव बघायलासुद्धा आलं नव्हतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो.

कप्तान दोर गुंडाळत राहिले. जन्मभर तेच केलेलं.

*

मग सतरा दिवस मी शेडकडे फिरकलो नाही. घरात बाबा, बाहेर ऊन. त्या सतरा दिवसांचा एकही किस्सा नाही.

अठराव्या दिवशी कंधारच्या एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप आणला: ओळंबा घेऊन बारूळला ये.

गेलो. नाव पाण्यात. चाचा काठावर बसून, माझ्याकडे न बघता विडी ओढत. त्याच बाया, तीच जागा. मी जाताना एस.टी.तच हिशोब करून ठेवला होता: तीन पलंग काढले असतील, एक खाली घेतला असेल, तर सात बोटं.

बाया बसल्या. ओळंबा सरकला. सहा.

सहा म्हणजे चिंता नाही. कोचीच काय, कुठंही न्या. पण मला ते कमी भरलेलं एक बोट सुटेना. परत मोजलं. सहा. गणित तर बरोबर होतं! मी वाकून केबिनमध्ये शिरलो.

वरचं सगळं काढलेलं. पलंग खाली, जमिनीलगत. दोन.

मी बाहेर डोकं काढलं. "कप्तान, एक पलंग जास्त हाय!"

ते काठावर गाठ मारत होते. मान वर केली नाही.

"किती किलोचा हायस तू?"

"असेन अठ्ठावन्न. का?"

"असेन न्हाई. काट्यावर चढ, अन् मग हिशोब कर परत."