ओनदितीच्या गाण्यांची यादी

आमचा शेजारी ओनदिती होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. "माझी गाणी परक्या कंपनीनं का मोजावीत?" म्हणत त्यानं घरच्याच कॉम्प्युटरवर यादी ठेवली होती. ऐकलेलं प्रत्येक गाणं फोन तिथं कळवी. रेंज नसेल तर नंतर, पण खऱ्या वेळेसकट.

मंगळवारी सरोवरात होडी उलटली. तो सापडलाच नाही. शनिवारी रिवाजाप्रमाणे देहाऐवजी यागो झाडाचं फळ पुरायला आम्ही जमलो. खड्डा तयार होता, तोच त्याची बायको आकेयो आतून ओरडली, "नोंदी येतायत! बुधवारच्या, गुरुवारच्या!"

"वहिनी, फोन चोराकडे असेल," आमच्याबरोबर आत धावलेला दीर म्हणाला.

"चोर रोज आमच्या लग्नातलंच गाणं आधी लावेल?"

तेवढ्यात पडद्यावर आजची ओळ उमटली. तेच गाणं, आत्ताची वेळ.

फळाला कुणी हात लावला नाही.