साठ हप्त्यांची गाडी

खेमसिंग राठोड आणि मी अकरा वर्षं एकाच एसटीवर होतो. तो चालक, मी वाहक. एकतीस वर्षं त्यानं लोकांना गावोगावी पोचवलं, पण घरी स्वतःची म्हणून एक जुनी सायकल तेवढी होती. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. निवृत्त झाला, फुलसावंगीजवळच्या तांड्यात दोन खोल्या नीट बांधून घेतल्या, उरलेले पैसे बँकेत ठेवले. वर्ष उलटलं नाही तोच त्याच्या बायकोच्या, लालीबाईच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

आठवड्यातून दोनदा पुसदला डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार. जाताना ती बरी असायची, खिडकीशी बसून बोलायची. येताना अंगात त्राण नसायचं. महागावला गाडी बदलावी लागे. एकदा तिथल्या बाकावरून ती खाली घसरली. खेमसिंगनं तिला सावरून पाणी पाजेपर्यंत फुलसावंगीची गाडी निघून गेली. पुढची गाडी येईपर्यंत तो तिचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "वामनराव, गाडी घ्याची हाय मले."

गाडी घ्यायची हे ठरलं. कशी घ्यायची, हे तीन आठवडे ठरेना.

त्याची मुलगी शीला दिग्रसला आश्रमशाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "बा, बँकेतले पैसे काढा अन् रोख घ्या. व्याज कायले भरता?" मलाही तेच पटत होतं. शोरूममधला माणूस म्हणाला, थोडे आत्ता भरा, बाकी साठ हप्त्यांत द्या. तिसरी वाट तांड्यातल्याच पूनमसिंगनं दाखवली. त्याच्या दोन गाड्या भाड्यानं चालतात. "खेमसिंगभाऊ, एक तुमच्या दारात उभी करतो," तो म्हणाला. "महिन्याचं भाडं द्या. विमा, दुरुस्ती सारं माह्याकडं. जवा नको वाटलं तवा चाबी परत."

खेमसिंग रोज नवं काही बोलायचा. सोमवारी रोख, बुधवारी भाडं. मी चिडवायचो, "घाट उतरताना कधी असा अडखळला नाहीस रे तू."

एक दिवस मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. लालीबाई भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती. डॉक्टरांनी हलकंसं काम करायला हरकत नाही म्हटलं होतं.

"पूनमसिंगची घ्या," ती म्हणाली.

"काहून?"

"परत देता येते."

"परत कायले द्याची?"

तिनं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली. खेमसिंग तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. मलाही कळलं. त्यानं बशी खाली ठेवली, चप्पल पायात घातली आणि कुठेतरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुसदला गेलो. वाटेत मी त्याला समजावत होतो, पैसे आहेत तर हप्ते कशाला, फुकटचं व्याज जाईल. तो ऐकत नव्हता. शोरूममधल्या माणसानं विचारलं, "काका, कर्ज तीन वर्षांचं करू का पाच?"

"सात वर्षांचं हाय का?"

"आहे, पण तुमचं वय साठ. तुम्हाला पाचच मिळतील."

"मंग पाच लिवा."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "खेमसिंग, हे काही शहाणपण नाही."

"नाई तं नाई," तो म्हणाला. "भाड्यानं घेतली असती तं दर महिन्याले मले वाटलं असतं का हा शेवटचा. अन् रोख घेतली तं एका दिवसात झालंच सारं. हे पाच वर्षं चालते, वामनराव. बँकेले बी वाटते ना, का पाच वर्षं चालते."

गाडी आली. पांढरी, लहानशी. लालीबाईनं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. पुढची सीट मागे झुकवली की ती निजल्यासारखी बसू शकायची. एकदोनदा मीही मागे बसून गेलो. खेमसिंगचा हात सवयीचा. थांबा दिसला की गाडीचा वेग कमी व्हायचा. लालीबाई डोळे न उघडता म्हणायची, "कोनी चढून नाई राह्यलं. चला." मग तिघंही हसायचो. तिचं हसणं खोकल्यात जायचं.

हप्ता पाच तारखेला कापला जाई. त्या दिवशी ती स्वतःहून सांगायची, "तीन झाले." "चार झाले." खेमसिंगचा चेहरा खुलायचा. एकदा तो औषधं आणायला खाली उतरला होता, तेव्हा मी तिला म्हणालो, "वहिनी, तुम्हाला तर भाड्याची हवी होती."

ती म्हणाली, "आता बी तेच म्हनते मी. पन त्याईनं साठचा आकडा धरला हाय, तं मी मोजून देते भाऊ. मले मोजाले काय लागते?"

तेवढ्यात खेमसिंग औषधं घेऊन आला आणि मी विषय सोडला. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

सातवा हप्ता झाला. आठव्या महिन्यात तिच्या हाताला, जिथून रक्त काढत तिथे, सूज आली, ताप चढला. पुसदच्या दवाखान्यात चार दिवस होती. पाचव्या दिवशी सकाळी गेली. शीला पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

शववाहिका पुढे होती. शीला आईजवळ बसली. मी खेमसिंगला म्हणालो, गाडी दुसरा कोणीतरी आणेल, तू शववाहिकेत बस. तो नाही म्हणाला. मला बसू दिलं, पण मागच्या सीटवर. चाळीसेक किलोमीटर तो शववाहिकेच्या मागोमाग गाडी चालवत राहिला. पुढची सीट तशीच मागे झुकवलेली होती.

तेरवी झाल्यावर शीलानं विषय काढला. गाडी विकून टाकू, कर्ज मिटवू. तो म्हणाला, "राहू दे." गाडी टिनाखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली बसू लागल्या. हप्ते कापले जात राहिले. एकदा मी सरळच बोललो, बिनवापराच्या गाडीचं व्याज भरतोस. तो इतका शांतपणे "हो" म्हणाला की मला माझीच लाज वाटली.

दिवाळीनंतर तो आपण होऊन आला. "पाहा कोनी घेनारा," म्हणाला. महागावच्या एका मास्तरांनी घेतली. कमी पडलेले पैसे त्यानं ठेवीतून घातले. पुसदच्या बँकेतल्या फॉर्मवर एक रकाना होता: मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं कारण. अर्ज मी भरत होतो. विचारलं, काय लिहू?

तो समोरच्या काउंटरकडे बघत म्हणाला, "काई लिवू नका. इचारलं तं मी सांगतो."

कोणी विचारलं नाही. शिक्का मारून कागद परत मिळाला. त्यानं तो चार घड्या करून खिशात ठेवला. आम्ही स्टँडवर आलो, अर्धा अर्धा चहा घेतला आणि चारच्या एसटीनं निघालो. बाजाराचा दिवस होता. महागावपर्यंत जागा मिळाली नाही, दोघंही उभेच होतो.